अंगठ्याचे मोल

ब्रिटिश हिंदुस्थानच्या केंद्रीय कायदेमंडळाने १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा संमत केला आणि १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. या कायद्याला जोडलेली पहिली अनुसूची आज वाचतानाही मन चरकते. उजवा हात कोपरापासून वा त्याच्या वर तुटला तर ७० टक्के, डावा तुटला तर ६०. एक डोळा गेला तर ३०. अंगठा २५, तर्जनी १०, आणि तर्जनीखेरीज दुसरे कोणतेही बोट ५ टक्के. वाण्याच्या दुकानात टांगलेल्या भावफलकासारखी ही यादी आहे. फरक इतकाच की येथे भाव माणसाच्या अवयवांचे आहेत.

हे टक्के शरीराचे नव्हेत, कमाईच्या शक्तीचे आहेत, असे कायदा सांगत होता. अंगठा गमावलेला कामगार पूर्वीपेक्षा पंचवीस टक्के कमी कमवील असे गृहीत धरून त्या प्रमाणात त्याला भरपाई द्यावयाची, असा हा हिशेब. या कायद्याचे श्रेय नाकारण्याचे काहीच कारण नाही. तोवर यंत्रात हात सापडलेल्या कामगाराला न्यायालयात जाऊन मालकाची चूक सिद्ध करावी लागे. आणि ज्याच्या घरी चूल पेटण्याची भ्रांत, त्याने वकील कोठून उभा करावा? नव्या कायद्याने, काही अपवाद सोडल्यास, चूक कोणाचीही असो, कामावर असताना झालेल्या इजेची भरपाई देणे मालकावर बंधनकारक केले. पाऊल मोठेच होते. परंतु त्या पावलाबरोबर एक विचारपद्धतीही आली आणि ती पुढील शंभर वर्षे आपल्या कायद्यांतून, कचेऱ्यांतून व मनांतूनही सहजासहजी हलली नाही. माणसात काय उणे आहे ते मोजावयाचे. तो जे काम करतो वा करू इच्छितो त्या कामाला काय लागते, हे मात्र विचारावयाचे नाही. प्रस्तुत लेखात आम्हांस या मोजणीचाच मागोवा घ्यावयाचा आहे.

उजव्या-डाव्या हातांच्या दरांत दहा टक्क्यांचा फरक करणाऱ्यांना डावखुऱ्या कामगाराची आठवण झाली नसावी. आमच्या समाजात व्हायोलिन वाजवणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. असा वादक या कायद्याच्या कक्षेत येवो वा न येवो, त्याच्या डाव्या हाताची करंगळी केवळ पाच टक्के मोलाची असे त्याला कोणी सांगितले, तर तो काय उत्तर देईल हे वाचकांनीच ठरवावे. उलट केवळ वजनाच्या काट्यावर आकडे टिपणाऱ्या कारकुनाला तेच बोट गेल्याने कदाचित एका पैशाचीही झळ पोहोचणार नाही. १९६२ साली अनुसूची नव्याने लिहिली गेली. अंगठा ३०, तर्जनी १४ आणि एक डोळा ४० टक्क्यांवर गेला. उजव्या-डाव्याचा भेदही मिटला. दर बदलले, फलक तोच राहिला.

या फलकाची मर्यादा ओरिसातील एका सुताराच्या खटल्यात लख्खपणे उघड झाली. एका चित्रपटगृहाच्या शोभिवंत लाकूडकामावर असताना १९६८ साली हा सुतार खाली पडला व त्याचा डावा हात कोपरापासून कापावा लागला. हात एकच गेला, दुसरा शाबूत आहे. तेव्हा हे अपंगत्व अंशतःच मानावे, असे मालकाचे म्हणणे. नुकसानभरपाई आयुक्तांनी मात्र अनुसूची बाजूला ठेवून साधा प्रश्न विचारला: एका हाताने सुतारकाम करता येते काय? ज्यांनी सुताराचे काम जवळून पाहिले आहे त्यांना उत्तर शोधावे लागत नाही. पटाशी एका हातात, हातोडी दुसऱ्या हातात. रंधा तर दोन्ही हातांनीच चालतो. करवत एक हात ओढतो तेव्हा लाकूड दुसरा हात दाबून धरतो. सुतार म्हणून या माणसाची कमाईची शक्ती शंभर टक्के गेली आहे, असा निर्णय आयुक्तांनी दिला आणि ४ डिसेंबर १९७५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. कामगारविषयक कायद्याच्या अभ्यासकांना हा निवाडा पाठ असतो. आम्हांस तो महत्त्वाचा वाटतो, कारण येथे न्यायालयाने शरीराकडून कामाकडे पाहिले.

तरीही एक गोष्ट विसरता येत नाही. शंभर टक्के भरपाई मिळाली याचा दुसरा अर्थ असा की या माणसाकडून आता कोणत्याच कामाची अपेक्षा नाही. वर्षानुवर्षे लाकूड हाताळलेल्या त्या कारागिराला लाकडाची पारख करावयास, आराखडा आखावयास वा उमेदवारांना शिकवावयास कोणी बोलवावे, असे त्या कायद्यात कोठेही नव्हते. पैसे द्यावेत व दार लावून घ्यावे, एवढेच त्याला ठाऊक होते.

हा हिशेब केवळ गिरणीमालकांचा व इंग्रज कायदेपंडितांचा होता, असे मात्र म्हणता येणार नाही. तो त्यांच्याहून फार जुना आहे आणि आमच्या घरातही तो होता. लेवीय पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात अंध, लंगडा, हात वा पाय मोडलेला, कुबड असलेला अशा पुरुषाने वेदीजवळ जाऊ नये, असा याजककुळासाठी नियम आहे. त्याने पवित्र अन्न खावे, परंतु सेवा करू नये. पोट भरण्याची सोय आहे, कामाची नाही. आजच्या पुष्कळ कल्याणकारी योजनांचे सूत्र याहून फार वेगळे नाही. ख्रिस्तसभेच्या १९१७ सालच्या धर्मनियमसंहितेतही, दुर्बलतेमुळे सुरक्षितपणे वा व्यंगामुळे शोभेल अशा रीतीने वेदीची सेवा करू न शकणाऱ्यास गुरुदीक्षेचा प्रतिबंध होता. पवित्र भाकर अंगठा व तर्जनी यांनी धरण्याची शिस्त असल्याने या दोन बोटांना विशेष महत्त्व होते. सतराव्या शतकात उत्तर अमेरिकेत सुवार्ताकार्य करणारे येशूसंघीय संत इसाक जोग यांचे हात बंदिवासात छळ करून विद्रूप करण्यात आले, त्यांचा डावा अंगठा छाटला गेला. ते युरोपात परतले तेव्हा त्यांना पुन्हा मिस्सा अर्पण करता यावी म्हणून पोप आठवे अर्बन यांची खास परवानगी घ्यावी लागली. श्रद्धेसाठी गेलेल्या अंगठ्यालाही नियम लागू होता, आणि सवलतही मिळाली ती एका माणसापुरतीच.

२७ नोव्हेंबर १९८३ रोजी अमलात आलेल्या नव्या संहितेतून शारीरिक व्यंगाचा हा प्रतिबंध वगळण्यात आला. इतकेच नव्हे, अंध वा अन्य प्रकारे दुर्बल असलेल्या धर्मगुरूने मिस्सा कशी अर्पण करावी याची तरतूद तिच्या ९३० व्या नियमात आहे: मान्यताप्राप्त संहितांपैकी कोणतीही वापरावी, आणि गरज भासल्यास दुसऱ्या धर्मगुरूचे, उपदीक्षिताचे किंवा योग्य रीतीने शिकवलेल्या प्रापंचिकाचेही साहाय्य घ्यावे. आम्ही सेमिनरीत धर्मनियम शिकलो ते याच संहितेतून. तेव्हा हा नियम वाचून पुढे सरकणे सोपे होते. आज तो पुन्हा वाचताना ध्यानात येते की प्रश्न उलटा झाला आहे. या माणसाला काय येत नाही, असे तो विचारत नाही. हे काम त्याच्याकडून होण्यासाठी शेजारी कोण उभे राहील, असे विचारतो.

आता मुंबईकडे वळू. अपंगांनी शिकावे व आपली भाकरी मिळवावी, या विचाराला आपल्याकडे संस्थेचे रूप प्रथम आले ते बहुतांशी ख्रिस्ती धर्मसेवकांच्या हातून. बर्लिनमध्ये जन्मलेले येशूसंघीय बिशप लिओ म्यूरिन हे मुंबईचे प्रेषितीय प्रतिनिधी होते. सेंट झेवियर्स कॉलेजशी त्यांचे नाव जोडलेले आहेच. परंतु १८८० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी मुंबईत मूकबधिरांसाठी सुरू केलेली शाळा ही देशातील त्या प्रकारची पहिली शाळा, हे आमच्या पुष्कळ कुटुंबांना ठाऊक नसते. माझगावच्या रस्त्याने जाणाऱ्या किती जणांना हा इतिहास आठवत असेल? म्यूरिन पुढे मॉरिशसला गेले व तेथेच १८९५ साली निवर्तले. १८८७ साली ॲनी शार्प या मिशनरी बाईंनी अमृतसर येथे अंधांची पहिली शाळा काढली. १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलर्ड यांनी मुंबईत. तर १९०२ साली ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा उभी राहिली. अशा शाळांतून मूकबधिरांना शिवणकाम व सुतारकाम, अंधांना वेतकाम, विणकाम व संगीत शिकवीत. मुलांना अंगणात बसवून भीक घालण्यापेक्षा हे कितीतरी उन्नत होते. मात्र येथेच एक सवयही रुजली. अंध म्हटला की खुर्ची विणणार, बहिरा म्हटला की शिवणयंत्रावर बसणार. माणूस पाहण्याआधीच त्याचे काम ठरले.

सरकारचे लक्ष या प्रश्नाकडे प्रथम वेधले ते सैनिकांमुळे. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावून परतलेल्या जवानांना धंदेशिक्षण देण्यासाठी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरी यांच्या नावाने तांत्रिक संस्था स्थापन झाली आणि पुढे ती पुण्याजवळ खडकीस हलली. दुसऱ्या महायुद्धात अंध झालेल्यांसाठी १९४३ साली डेहराडूनला सेंट डन्स्टन्स वसतिगृह निघाले. राजासाठी गमावलेल्या पायाचे ऋण राजाने मानले. गिरणीत, गोदीत वा जन्मतःच गेलेल्या पायाचे ऋण कोणावर, हा प्रश्न स्वातंत्र्याची वाट पाहत राहिला.

आपल्या राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात कामाचा हक्क आणि बेकारी, वार्धक्य, आजार व विकलांगता यांत सार्वजनिक साहाय्य यांचा उल्लेख एकाच वाक्यात येतो. पण ते मार्गदर्शक तत्त्व, न्यायालयाकडून वसूल करता येणारा हक्क नव्हे. जात, धर्म, लिंग यांवरून भेदभाव करू नये असे सांगणाऱ्या अनुच्छेदांत अपंगत्वाचे नाव नाही. तरीही मुंबईत काही घडत होते. १९५२ साली येथे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था स्थापन झाली. १९५९ साली अपंगांसाठी देशातील पहिले विशेष सेवायोजन कार्यालय याच शहरात उघडले, आणि १९६८ साली हैदराबादबरोबर मुंबईसही व्यावसायिक पुनर्वसन केंद्र मिळाले. तिकडे वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांच्या आनंदवनात कुष्ठरोगी शेती करीत व घरे बांधीत होते. आणि ते हे करीत असताना, कुष्ठरोग्यांना ठरावीक धंद्यांची बंदी करण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा देशाच्या कायद्यांच्या पुस्तकात तसाच पडून होता. औषधाने रोग बरा होऊ लागल्यावरही तो हलला नाही. अखेर २०१६ साली तो रद्द झाला. कायदे मरावयास किती वेळ घेतात!

नोकऱ्यांतील राखीव जागांची सुरुवात १९७७ साली झाली. केंद्र सरकारने एका कार्यालयीन आदेशाने आपल्या क व ड गटांतील पदांपैकी तीन टक्के जागा राखल्या: एक टक्का अंधांसाठी, एक बधिरांसाठी, एक अस्थिव्यंग असलेल्यांसाठी. म्हणजे शिपाई, कारकून, कारागीर या पायऱ्यांपर्यंत; वरच्या अ व ब गटांची दारे बंद. तोही आदेशच होता, कायदा नव्हे. न पाळणाऱ्यास शिक्षा नव्हती. मार्च १९८० मध्ये दिल्लीत नोकरीचा हक्क मागण्यास निघालेल्या अंधांच्या मोर्च्यावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. ज्यांना लाठी कोणत्या बाजूने येते हे दिसत नाही अशांवर लाठी उगारली गेली, याहून अधिक काही लिहिण्याची आमची इच्छा नाही.

१९८६ साली वरच्या गटांतील कोणती पदे अपंगांना योग्य, याची यादी सरकारने स्वीकारली. अशा याद्या पुढेही वेळोवेळी निघाल्या. त्यांत प्रत्येक पदापुढे बसणे, उभे राहणे, वाकणे, पाहणे, ऐकणे, वाचणे-लिहिणे यांपैकी काय लागते हे लिहिलेले असे, आणि त्यापुढे कोणत्या प्रकारचा अपंग चालेल हेही: एक हात, एक पाय, अंध, अंशतः अंध. न्यायाने बोलावयाचे तर हे एक पाऊल पुढे होते, कारण कामाला काय लागते हा प्रश्न येथे निदान विचारला गेला. दोष असा की उत्तर दिल्लीच्या मेजावर बसून देण्यात आले आणि ते वर्षानुवर्षे गोठून राहिले. 'पाहणे' आवश्यक असे एकदा लिहिले की संपले. ते काम ब्रेलने, वाचकाच्या मदतीने वा पुढे संगणकाच्या आवाजाने होईल काय, हे पाहण्याची कोणास गरज वाटत नसे. जी यादी दार उघडण्यासाठी केली, तिचा वापर दाराला अडसर घालण्यासाठी होऊ लागला. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने, अंध उमेदवारांना नागरी सेवांच्या परीक्षा ब्रेलमध्ये किंवा लेखनिकाच्या मदतीने देऊ द्याव्यात, असा निर्णय दिला, तेव्हा कोठे या अडसराला पहिली चीर गेली. ख्रिस्तसभेच्या नव्या संहितेनंतर हा निर्णय दहा वर्षांनी आला, हे आम्ही अभिमानाने नव्हे, केवळ कालगणनेसाठी नोंदवतो.

१९९५ च्या डिसेंबरात संसदेने अपंग व्यक्तींना समान संधी, हक्कांचे संरक्षण व पूर्ण सहभाग देणारा कायदा संमत केला. त्यासाठी अधिवेशनाच्या अखेरच्या दिवसांत जावेद अबिदी व त्यांचे सहकारी दिल्लीत रस्त्यावर उतरले होते. ७ फेब्रुवारी १९९६ रोजी कायदा लागू झाला. किमान तीन टक्के राखीव जागा आता कायद्याच्या अक्षरांत आल्या. योगायोग असा की ज्या ब्रिटनने १९४४ साली वीस वा अधिक माणसे कामावर ठेवणाऱ्या मालकांवर तीन टक्क्यांची सक्ती केली होती, त्याने त्याच १९९५ सालच्या कायद्याने ती सक्ती मोडीत काढली व भेदभावास मनाईचा मार्ग धरला. ब्रिटनमध्ये अपंगांसाठी दोन व्यवसाय खास राखलेले होते, मोटारतळाचा राखणदार आणि लिफ्टचालक. त्यावरून त्या कोट्यामागची कल्पनाशक्ती केवढी होती हे कळते. कोटा व भेदभावबंदी यांपैकी एक पुरे, असे आम्हांस वाटत नाही. कोट्याशिवाय दार उघडत नाही, आणि बंदीशिवाय आत आलेला माणूस कोपऱ्यातच बसून राहतो.

या कायद्याचे ४७ वे कलम आमच्या मते त्यातील सर्वांत माणुसकीचे. सरकारी आस्थापनेत नोकरी करताना कोणी अपंग झाला तर त्याला काढता येणार नाही. त्याच पगारावर दुसरे काम द्यावे, तसे पद नसेल तर जादा पद निर्माण करून त्यावर त्याला ठेवावे. पाय कापावा लागल्याने सेवेतून निरोप मिळालेल्या एका सुरक्षादलाच्या शिपायाला २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा आधार दिला. निवृत्तिवेतन दिले म्हणजे कर्तव्य संपले, हा युक्तिवाद न्यायालयाने मानला नाही. ओरिसाच्या सुतारासमोर जे दार लागले, ते येथे उघडे राहिले.

राखीव जागांचे भांडण मात्र मोजणीवर येऊन अडकले. पदे अजून ठरवलेली नाहीत, म्हणून आरक्षण देता येत नाही, असे सरकार सांगत राहिले. पदे ठरवणे हे कायद्याने सरकारवरच सोपवलेले काम. ते न करण्याचा लाभ त्यालाच कसा मिळावा, अशा आशयाचा निकाल २०१० साली एका अंध उमेदवाराच्या खटल्यात लागला. त्याने २००६ ची नागरी सेवा परीक्षा दिली होती. मग ८ ऑक्टोबर २०१३ रोजी दुसरा निकाल आला. वरच्या गटांत तीन टक्के मोजले जात ते केवळ 'योग्य' ठरवलेल्या पदांवर. ते सर्व रिक्त जागांवर मोजावेत, असे न्यायालयाने स्पष्ट केले. तीनाचे तीनच, पण कशाचे तीन, यावर अठरा वर्षे गेली.

याच काळात कायद्याच्या पुस्तकाबाहेर घडलेली एक गोष्ट आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिली आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत मुंबईच्या पदपथांवर, रेल्वेस्थानकांबाहेर सार्वजनिक टेलिफोनचे बूथ उभे राहिले व त्यांतील पुष्कळसे अपंगांना देण्यात आले. कुबड्या बाजूला टेकवून बसलेला बूथमालक, त्याच्यापुढे मीटर व सुट्या नाण्यांचा डबा, बाहेर उभी राहिलेली रांग, हे चित्र परिचयाचे होते. हे केवळ पोट भरणे नव्हते. गल्लीला त्याची गरज होती, निरोप त्याच्याकडे ठेवले जात. मग खिशाखिशांत मोबाइल आला. दहा-पंधरा वर्षांत बूथ ओस पडले. काहींनी तेथेच विड्या-बिस्किटे विकावयास घेतली. कार्यालयांतील टेलिफोन पाट्यांवर बसणाऱ्या अंध चालकांची जागाही स्वयंचलित यंत्रांनी घेतली, आणि वेताची खुर्ची प्लास्टिकच्या खुर्चीपुढे केव्हाच हरली होती. दोष यंत्राचा नाही. त्याच मोबाइलने व संगणकाने आज अंधांना वाचते केले आहे. परंतु माणसाला एका वस्तूशी जखडून दिलेला रोजगार त्या वस्तूबरोबरच बुडतो.

२०१६ च्या डिसेंबरात नवा कायदा आला व १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. अपंगत्वाचे सात प्रकार होते त्यांचे एकवीस झाले. राखीव जागा तीनाच्या चार टक्के झाल्या, आणि त्या चौथ्या टक्क्यात स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व, मानसिक आजार यांना प्रथमच वाटा मिळाला. त्याआधी वर्षभर 'दिव्यांग' हा शब्द सरकारी व्यवहारात रूढ झाला होता. शब्दांविषयी आमचे काही भांडण नाही. मात्र ज्याला जिना चढता येत नाही त्याला त्याच्यातील दिव्यत्वापेक्षा उतरण अधिक उपयोगी पडते. नवा कायदा हे जाणतो. अपंग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने काम करता यावे यासाठी अवाजवी भार न पडणारे आवश्यक ते बदल करणे, हे त्याने कर्तव्य मानले आणि ते नाकारणे हा भेदभाव ठरवला.

तरीही फलक पुरता उतरलेला नाही. राखीव जागेसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. मर्यादा कोठेतरी आखावी लागते, हे मान्य. पण ३८ टक्क्यांच्या माणसाची अडचण ४० टक्क्यांच्या माणसाहून निराळी असते काय? लिहिताना हात आखडणाऱ्या एका परीक्षार्थीला तो या मर्यादेत बसत नाही म्हणून लेखनिक नाकारण्यात आला, तेव्हा २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की राखीव जागेची मर्यादा वेगळी व परीक्षेतील सोय वेगळी. ३ मार्च २०२५ रोजी त्याच न्यायालयाने, अंधांना न्यायिक सेवेतून वगळणारा मध्य प्रदेशचा नियम रद्द केला. न्यायाच्या मूर्तीच्या डोळ्यांवर पट्टी बांधणाऱ्यांनी अंधाला न्यायासनावर बसू देण्यास इतकी वर्षे घ्यावीत, यातील विसंगती वाचकांच्या ध्यानी आल्यावाचून राहणार नाही.

आकडे काय सांगतात? १८७२ पासून १९३१ पर्यंतच्या शिरगणतींत अपंगांची नोंद होत असे. स्वातंत्र्यानंतर, १९८१ चा अपवाद सोडल्यास, २००१ पर्यंत ती झालीच नाही. ज्यांच्यासाठी धोरणे आखावयाची ते किती हेच मोजलेले नव्हते. २०११ च्या शिरगणतीत ते २ कोटी ६८ लक्ष भरले. त्यांतील पुरुषांपैकी ४७ टक्के, तर स्त्रियांपैकी २३ टक्केच काम करीत होत्या. २०१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत पंधरा वर्षे व त्यावरील अपंगांपैकी काम करणारे सुमारे २३ टक्के आढळले. त्याच सुमाराच्या सर्वसाधारण श्रमबल पाहणीत हे प्रमाण सुमारे ४७ टक्के होते.

कारण उघड आहे. राखीव जागा सरकारी नोकऱ्यांत, आणि बहुसंख्य लोकांची भाकरी सरकारबाहेर. खासगी मालकांना १९९५ च्या कायद्याने केवळ उत्तेजन देऊ केले. २००८ पासून केंद्राने अपंग कर्मचाऱ्यांच्या भविष्यनिर्वाह निधीतील व राज्य विमा योजनेतील मालकाचा वाटा तीन वर्षे स्वतः भरण्याची योजना आखली. तिचा लाभ अगदी थोड्यांपर्यंत पोहोचला. हप्त्याच्या पैशासाठी मालक अडून बसलेला नव्हताच. त्याला अडवत होती ती मनातील अनुसूची. २०१७ च्या नियमांनुसार वीस वा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेनेही आपले समान संधीचे धोरण प्रसिद्ध केले पाहिजे. आमच्या धर्मप्रांतांच्या, संघांच्या शाळा, रुग्णालये व संस्था यांपैकी किती तरी या व्याख्येत बसतात. त्यांच्या सूचनाफलकावर हे धोरण लागले आहे काय, हे पालकांनी व धर्मग्रामातील मंडळांनी एकदा जाऊन पाहावे आणि नसेल तर विचारावे. विचारण्याचा त्यांना अधिकार आहे.

आणि वीसच्या आतील? वसईपासून पालघरपर्यंतच्या पट्ट्यात लहान कारखान्यांची दाटी आहे. पत्रा कापणाऱ्या प्रेसवर बोटे गमावलेली तरुण माणसे शिफारसपत्रासाठी धर्मग्रामाच्या कार्यालयात येतात, तेव्हा पत्र घेताना डावा हात पुढे करतात. १९२३ चा भरपाईचा कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावून घेतला गेला, आणि बोटांचे टक्के त्याबरोबर नव्या संहितेत आले. सेवेत असताना अपंग झालेल्यास काढू नये हे १९९५ चे कलम २०१६ च्या कायद्यात विसाव्या क्रमांकावर टिकून आहे. मात्र त्याचे संरक्षण सरकारी आस्थापनांतील कर्मचाऱ्यांपुरतेच आहे. भेदभाव करू नये हा सर्वसाधारण नियम खासगी मालकासही लागू होतो, परंतु 'रास्त हेतूसाठी प्रमाणशीर उपाय' असे सिद्ध झाल्यास त्यालाही अपवाद आहे. त्यामुळे ओरिसाच्या त्या सुताराचा अपघात आज एखाद्या खासगी कामावर झाला, तर त्याला भरपाईची रक्कम पूर्वीपेक्षा बरीच मोठी मिळेल. दुसऱ्या दिवशी कोणते काम द्यावयाचे, हे मात्र अजूनही मालकाच्या मर्जीवर राहील.